प्रकाशावर प्रकाशाचा अंमल

दोन प्रकाशशलाका एकमेकींना छेदून गेल्या तरी छेदनबिंदूपलीकडे त्या अविकृत रूपाने आपापल्या मार्गाने चालू लागतात, ही गोष्ट इतकी नित्य परिचयाची आहे की तिच्यात काही नवल दडलेले असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. क्रिस्तियान हॉयगेन्स या डच शास्त्रज्ञाने मात्र १६९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात तिची आवर्जून दखल घेतली. समोरासमोर उभी असलेली दोन माणसे एकाच क्षणी एकमेकांचे डोळे पाहू शकतात, म्हणजेच विरुद्ध दिशांनी येणाऱ्या प्रकाशतरंगांची एकाच ठिकाणी गाठ पडूनही कोणी कोणाचा अडथळा होत नाही, यावरून प्रकाश हा कणांचा वर्षाव नसून तरंगांचा प्रवास आहे असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे दोन शतकांहून अधिक काळ प्रकाशविज्ञानाची सारी इमारत या परस्पर-उदासीनतेच्या पायावर उभी राहिली. काच, पाणी, स्फटिक हे प्रकाशाला वळवतात, शोषतात, त्याच्यातील रंग वेगळे करतात. परंतु एका प्रकाशाने दुसऱ्या प्रकाशाला आज्ञा करावी आणि दुसऱ्याने ती पाळावी, असा प्रसंग या शास्त्रात कोठे आलेला नव्हता. हा प्रसंग आता केसाएवढ्या जाडीच्या काचतंतूत प्रयोगशाळांतून रोज घडवून आणला जातो; तो कसा घडतो आणि त्यातून तंतूमधील प्रकाशाच्या आकृतींवर कशी हुकमत चालवता येते, हे पाहणे हा या प्रकरणाचा विषय आहे.

या कथेचे पहिले बीज ग्लासगो येथे रुजले. तेथील एका अध्यापक-प्रशिक्षण महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या जॉन केर यांनी १८७५ साली असे दाखवून दिले की काचेच्या तुकड्यावर प्रबळ विद्युतक्षेत्र लावले असता तिचे प्रकाशीय गुणधर्म बदलतात, आणि हा बदल विद्युतक्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. प्रकाश हा स्वतःच विद्युतचुंबकीय तरंग आहे हे मॅक्सवेल यांनी त्याच्या दशकभर आधीच प्रतिपादन केलेले होते. तेव्हा प्रकाशाच्या स्वतःच्या विद्युतक्षेत्रानेही काचेत असाच बदल व्हावयास हवा, म्हणजे काचेचा अपवर्तनांक प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर किंचित वाढावयास हवा (यालाच पुढे केर-परिणाम म्हटले आहे), हे अनुमान तर्कदृष्ट्या अटळ होते. परंतु सूर्यप्रकाशाची आणि दिव्यांची तीव्रता या कामी इतकी अपुरी होती की त्या अनुमानाचा प्रत्यय येण्यास थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियातील मालिबू येथे १६ मे १९६० रोजी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर प्रकाश मिळवीपर्यंत वाट पाहावी लागली. तो पहिला लेसर अखंड तेवणारा नव्हता, तो स्पंदांच्या रूपानेच प्रकाश देत होता, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. कारण प्रकाशाने काचेवर अंमल गाजवावयाचा तर ऊर्जेच्या साठ्यापेक्षा ती किती अल्प काळात एकवटली आहे याला अधिक मोल असते.

त्या अंमलाचा एक सुंदर पुरावा १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मिशेल ड्यूग्वे आणि हॅन्सन यांनी सादर केला. कार्बन डायसल्फाइड या द्रवाची एक कुपी त्यांनी दोन ध्रुवकांच्या मध्ये अशी ठेवली की एरवी तिच्यातून प्रकाश पलीकडे जाऊच नये. परंतु एक प्रखर लेसर स्पंद त्या द्रवातून गेला की तो जात असेतोवर द्रवाचे गुणधर्म बदलत आणि तेवढ्याच काळापुरती दुसऱ्या, दुबळ्या प्रकाशाला जाण्याची मुभा मिळे. काही पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या लक्षकोटी भागांपैकी काही भाग, उघडे राहणारे हे दार कोणत्याही यांत्रिक झडपेच्या आवाक्यापलीकडचे होते. पुढे ड्यूग्वे यांनी याच युक्तीने दुधट पाण्यातून धावणाऱ्या प्रकाशस्पंदाचे छायाचित्रही टिपले. एका प्रकाशाने दुसऱ्यासाठी वाट उघडावी, हा हुकूम येथे प्रथमच इतक्या स्पष्ट स्वरूपात बजावला गेला.

आता तंतूकडे वळू. वाहत्या पाण्याच्या धारेत प्रकाश कोंडून धारेबरोबर वळवता येतो हे जिनिव्हाचे दानिएल कोलाडोन यांनी १८४० च्या सुमारासच दाखविले होते. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ साली काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पोहोचविले. चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली असे दाखवून दिले की काचेतील भेसळ काढून टाकली तर तंतूतून संदेश मैलोगणती नेता येतील. आणि १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या तीन संशोधकांनी किलोमीटरला २० डेसिबलहून कमी ऱ्हास असलेला तंतू ओढून काओ यांचे भाकीत खरे केले. हा इतिहास अन्यत्र विस्ताराने उपलब्ध असल्याने तो येथे एवढ्यावरच सोडतो. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की तंतूच्या मध्यभागी अधिक अपवर्तनांकाचा गाभा असतो, त्याभोवती किंचित कमी अपवर्तनांकाचे आवरण असते, आणि पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे प्रकाश गाभ्याची हद्द ओलांडत नाही.

परंतु किरणांच्या या चित्राने सारे काही उलगडत नाही. प्रकाश हा तरंग असल्यामुळे त्याला गाभ्याच्या मर्यादित वर्तुळात वाटेल त्या आकाराने राहता येत नाही. काही ठरीव आकृतींनीच तो आपला आकार न बदलता तंतूतून पुढे जाऊ शकतो. या आकृतींना मोड म्हणतात. सर्वांत साधा मोड म्हणजे मध्यभागी तेजस्वी आणि कडेकडेला मंद होत जाणारा एक गोल ठिपका; त्यापुढील मोडमध्ये मधोमध काळी रेषा असून तिच्या दोन बाजूंना दोन प्रकाशखंड असतात; त्यापुढे चार खंड, वलये, वलयांत खंड, अशा क्रमाने ही आकृतिमाला वाढत जाते. १९६१ साली एलायस स्निट्झर आणि ऑस्टरबर्ग यांनी या आकृती अतिसूक्ष्म काचतंतूंच्या टोकांशी प्रत्यक्ष पाहिल्या.

मोडची कल्पना मनात नीट ठसावी यासाठी तबल्याच्या पुडीचे उदाहरण घेतो, आणि ते केवळ दृष्टांतादाखल घेतलेले नाही, कारण दोहोंमागील गणित एकच आहे. कडेला आवळलेल्या गोल चामड्याची कंपनेही अशाच ठरीव आकृतींनी होतात: एकात सारी पुडी एकदम वरखाली होते, दुसऱ्यात मधोमध एक स्तब्ध रेषा राहून दोन अर्धवर्तुळे आलटून पालटून हलतात, इत्यादी. सर्वत्र सारख्या जाडीच्या पुडीच्या मूळ स्वराची वारंवारता ज्या संख्येवरून निघते ती संख्या आहे २.४०५, आणि तंतूचा गाभा, त्याची प्रकाश सामावून घेण्याची क्षमता व प्रकाशाची तरंगलांबी यांवरून काढलेला एक अंक जोवर या २.४०५ च्या आत आहे तोवरच तंतूत एकच एक मोड राहू शकतो. बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फलनाचे ते पहिले शून्यस्थान आहे. पुढची गोष्ट याहूनही विलक्षण आहे. सारख्या जाडीच्या चामड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत नसतात, म्हणून त्यातून निघतो तो गोंगाट. परंतु तबला आणि मृदंग यांच्या पुडीवर मध्यभागी चढविलेल्या शाईच्या थरामुळे हे स्वर जागेवर येतात, असे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले आणि पुढे १९३४ साली सविस्तर दाखविले की पहिली नऊ कंपनरूपे एकमेकांशी जुळून पाच सुसंवादी स्वरांत गोळा होतात. ज्या अज्ञात कारागिरांनी शाईचे थर घोटून घोटून हे साधले, त्यांच्या कानाला समीकरणांची गरज पडली नाही याबद्दल मला फार आदर वाटतो. काचतंतूतही हेच साधता येते: गाभ्याचा अपवर्तनांक मध्यापासून कडेकडे क्रमाक्रमाने उतरत नेला तर एरवी विस्कळीतपणे वेगवेगळ्या गतींनी धावणारे मोड एकसारख्या अंतराच्या गटांत विभागले जातात, पहिल्या गटात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, याप्रमाणे. अशा तंतूला क्रमिक अपवर्तनांकाचा तंतू म्हणतात आणि पुढील सारे नाट्य बहुतांशी त्याच्यातच घडते.

अनेक मोड असणे हा दूरसंचाराच्या दृष्टीने मात्र दोष ठरला. शिकागो शहरात १९७७ साली दूरध्वनीची संभाषणे वाहण्यासाठी भुयारांतून जे तंतू टाकण्यात आले ते बहुमोड होते. परंतु मोडांच्या गती भिन्न असल्याने एका क्षणी निघालेला संदेश दूरवर गेल्यावर काळात पसरट होतो आणि मागच्यापुढच्या संदेशांत मिसळतो. १९८८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी जी पहिली प्रकाशतंतूंची दूरध्वनीतार पडली तिच्यात म्हणून एकमोड तंतूच होते, आणि मुंबईच्या किनाऱ्याला येऊन लागणाऱ्या आजच्या सागरी तारांतही तेच आहेत. सुमारे ९ मायक्रॉन व्यासाच्या गाभ्यात एकच मोड. दुसऱ्या कोणास प्रवेश नाही, म्हणून घोटाळाही नाही. या बंदोबस्ताची किंमत अशी की सारी ऊर्जा एका चिंचोळ्या जागेत कोंडली जाते. ५० मायक्रॉनांच्या गाभ्याशी तुलना करता हे क्षेत्रफळ सुमारे तीस पटींनी लहान आहे. त्यामुळे प्रकाशाची शक्ती वाढवू गेले की काचेतील केर-परिणाम आधी संदेश बिघडवतो आणि त्याहून पुढे गेले की काच स्वतःच निकामी होते. अधिक शक्ती आणि अधिक माहिती या दोन्ही मागण्या जसजशा वाढत गेल्या तसतसे संशोधकांचे लक्ष टाकून दिलेल्या बहुमोड तंतूकडे पुन्हा वळले, आणि या पुनर्विचारातूनच गेल्या पंधरा-वीस वर्षांतील सर्वांत रोचक प्रकाशविज्ञान जन्माला आले असे माझे मत आहे.

बहुमोड तंतूत लेसरचा प्रकाश सोडला आणि दुसऱ्या टोकाशी पडदा धरला तर त्यावर नेटका ठिपका दिसत नाही. प्रकाशाच्या आणि काळोखाच्या चट्ट्यापट्ट्यांची एक अस्ताव्यस्त नक्षी दिसते. ५० मायक्रॉनांच्या क्रमिक तंतूत, १ मायक्रॉनाच्या आसपासच्या तरंगलांबीला, ध्रुवणाचे दोन्ही प्रकार धरून सुमारे दोनशे मोड असतात. ते सारे आपापल्या कलेने येऊन एकमेकांशी व्यतिकरण करतात आणि त्यातून ही नक्षी उमटते. तंतूला बोटाने जरा वाकविले तरी ती बदलते. या नक्षीला शिस्त लावण्याचा एक मार्ग बाहेरून आहे: तंतूत शिरण्यापूर्वीच प्रकाशाच्या तरंगाग्राला द्रवस्फटिकाच्या पटलाने हजारो बिंदूंवर हवा तसा आकार द्यावयाचा, म्हणजे बाहेर पडताना हवी ती आकृती मिळते. तो मार्ग उपयुक्त आहे, पण त्यात तंतू निष्क्रियच राहतो. दुसरा मार्ग आतून आहे, आणि तो स्पंदाच्या सामर्थ्याचा आहे.

हे सामर्थ्य किती, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. १० किलोवॉट शिखरशक्तीचा एक स्पंद घेऊ. तो एक नॅनोसेकंद टिकतो असे मानले तर त्यात ऊर्जा केवळ १० मायक्रोज्यूल असते, आणि असे तीस हजार स्पंद दर सेकंदाला सोडले तरी सरासरी शक्ती वॉटच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भरते. काचेला झळ पोहोचण्याचे कारण नाही. ५० मायक्रॉनांच्या गाभ्यावर ही शक्ती पसरली असता सिलिका काचेचा अपवर्तनांक वाढतो तो सुमारे एक कोटी भागांत एक-सव्वा भाग इतका. हा आकडा पाहून कोणीही ही गोष्ट सोडून देईल. पण तंतूचा सारा चमत्कार त्याच्या लांबीत आहे. कोठेही न फाकता प्रकाश १० मीटर या बदललेल्या काचेतून चालतो, आणि १० मीटरांत हा क्षुद्र फरक साचत साचत सुमारे १.३ मायक्रॉनांचा, म्हणजे त्या प्रकाशाच्या एका पूर्ण तरंगलांबीहून अधिक होतो. एका तरंगलांबीचा फरक म्हणजे व्यतिकरणाचे सारे चित्र उलटेपालटे करण्यास पुरेसा फरक. सुट्या काचेच्या ठोकळ्यात एवढी तीव्रता काही मिलिमीटरांपलीकडे टिकवता येत नाही. तंतूत ती अखेरपर्यंत टिकते.

या सामर्थ्याचा आणि अनेक मोडांचा जाणीवपूर्वक मेळ घालण्याचा मान रॉजर्स स्टोलेन, ब्यॉर्कहोम आणि आर्थर ॲश्किन या बेल प्रयोगशाळेतील त्रयीकडे जातो. एका रंगाच्या प्रखर स्पंदातून दोन नव्या रंगांचा प्रकाश काचेत निर्माण होऊ शकतो, परंतु वेगवेगळ्या रंगांच्या गती काचेत वेगळ्या असल्याने त्यांची पावले जुळत नाहीत आणि निर्माण झालेले लगेच मोडते. १९७४ साली या तिघांनी रंगांना वेगवेगळ्या मोडांत बसवून, रंगामुळे पडलेले गतीचे अंतर मोडांतील गतीच्या अंतराने भरून काढले. ज्या भेदाला दूरसंचाराचे अभियंते दोष म्हणत होते तोच भेद येथे साधन झाला.

त्याच दिशेने पुढचे एक पाऊल जर्मनीतील म्युन्स्टर येथे पडले. तंतूत दोन मोड एकत्र धावत असतील तर त्यांच्या गतींतील फरकामुळे वाटेने ठरावीक अंतरावर त्यांचे मीलन आणि विरोध आळीपाळीने घडत राहतात. हे दोन मोड प्रखर स्पंदाचे असतील तर काचेच्या अपवर्तनांकातही त्याच अंतराने चढउतार उमटतात, म्हणजे स्पंद जाईतोवर तंतूच्या अंगावर जणू एक जाळी कोरली जाते. आन्डरमार आणि कार्स्टन फालनिख यांनी २०१० साली असे दाखविले की अशा तंतूतून एक दुबळा प्रकाश सोडला तर ही जाळी त्याला एका मोडमधून दुसऱ्या मोडमध्ये वळवते. स्पंद निघून गेला की जाळी नाहीशी होते आणि काच पूर्ववत होते. काचेवर कायमची जाळी कोरण्याची रीत फार पूर्वीपासून होती. पण हुकूम येताच उमटणारी आणि हुकूम संपताच विरणारी जाळी ही सर्वस्वी निराळी वस्तू आहे, कारण तिच्यामुळे मोडचे नियंत्रण प्रकाशाच्याच वेगाने चालू-बंद करता येते.

या सर्व प्रयोगांत नियंत्रण करणारा प्रकाश आणि नियंत्रित होणारा प्रकाश वेगळे होते. फ्रान्समधील लिमोज येथील काटाझिना क्रुपा, व्हँसाँ कुदेर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतील ब्रेशिया विद्यापीठाच्या स्तेफान वाब्निट्झ यांच्या सहकार्याने २०१७ साली जे प्रसिद्ध केले त्यात मात्र स्पंदाने स्वतःलाच शिस्त लावली. नॅनोसेकंदाहून किंचित अल्पायुषी असे १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे स्पंद त्यांनी काही मीटर लांबीच्या क्रमिक तंतूत सोडले. शक्ती कमी असता पलीकडे नेहमीची विस्कळीत नक्षी होती. शक्ती वाढवत वाढवत काही किलोवॉटांवर नेली आणि ती नक्षी आपण होऊन विरत गेली. तिच्या जागी मध्यभागी एक स्वच्छ, गोल, तेजस्वी ठिपका उभा राहिला. तंतू वाकविला, दाबला, तरी तो ठिपका ढळला नाही. रंग बदलला नाही, ऊर्जा नष्ट झाली नाही, बाहेरून कोणतेही उपकरण लावले नाही. उत्तेजित रामन प्रक्रियेमुळे, म्हणजे तबल्याच्या पुडीवर संशोधन करणाऱ्या त्याच रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात शोधलेल्या परिणामाच्या आधारे, बहुमोड तंतूत प्रकाश स्वच्छ होतो हे पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु त्यात प्रकाशाला आपला रंग सोडावा लागतो. लिमोजच्या प्रयोगात हे सारे मूळ रंगातच घडले.

असे का व्हावे? क्रमिक तंतूत मोडांचे गट समान अंतरावर असल्याने सारे मोड दर अर्ध्या-पाऊण मिलिमीटरला पुन्हा एकत्र जुळतात, प्रकाशाची शलाका आकसते, फुगते आणि पुन्हा आकसते. त्याबरोबर काचेत वर सांगितलेली जाळी आपोआप उमटते आणि मोडामोडांत ऊर्जेची देवघेव सुरू होते. मूळ मोडमध्ये ऊर्जा साचू लागली की त्याची कला इतरांहून निराळ्या गतीने सरकू लागते, परतीच्या देवघेवीला लागणारा मेळ मोडतो आणि ऊर्जा तेथेच राहते. हे पहिले स्पष्टीकरण होय. त्यात चूक काही नाही. तथापि शेकडो मोडांच्या परस्परव्यवहाराचा तपशील एकेक करून पाहण्यापेक्षा त्या सगळ्यांकडे मिळून पाहण्याची दुसरी दृष्टी मला अधिक समाधानकारक वाटते, आणि ती दृष्टी ऊष्मागतिकीची आहे.

बंद पात्रातील वायूचे असंख्य रेणू आदळत-आपटत अखेर एका निश्चित वाटणीला येऊन पोहोचतात, तसेच तंतूतील मोड केर-परिणामामुळे एकमेकांशी ऊर्जेची देवघेव करत करत एका निश्चित वाटणीला पोहोचतात, असे डीमित्री क्रिस्टोडूलिडिस आणि त्यांचे फ्लॉरिडातील सहकारी फान वू व अब्सार हसन यांनी २०१९ साली मांडले. या जमाखर्चात दोन गोष्टी अभंग राहतात: एक, प्रकाशाची एकूण शक्ती, आणि दुसरी, मोडांच्या क्रमाचा त्यांतील शक्तीनुसार काढलेला भारित मेळ. या दोन्ही अटी पाळून एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्था, जास्तीत जास्त वाढवावयाची तर एकच उपाय उरतो: थोडीशी ऊर्जा वरच्या, दूरच्या मोडांत पसरून टाकावयाची आणि तिने उचललेला मेळाचा वाटा भरून निघावा म्हणून उरलेल्या ऊर्जेचा मोठा भाग सर्वांत खालच्या, मूळ मोडमध्ये उतरवावयाचा. म्हणजे पडद्यावर दिसणारा स्वच्छ ठिपका हा अव्यवस्थेच्या वाढीचाच परिपाक आहे. त्याच्याभोवती नीट पाहिले तर फिकट प्रकाशाचे एक विस्तीर्ण वलय दिसते, आणि वाढलेली अव्यवस्था त्या वलयात जाऊन बसलेली असते. या वाटणीला रॅले-जीन्स वाटणी म्हणतात. तिच्यात एक तापमानही येते, परंतु त्याचा काचेच्या उष्णतेशी काही संबंध नाही. तंतू हाताला थंडच लागतो. मोडांतील शक्ती एकेक करून मोजून ही वाटणी २०२२ साली कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी प्रत्यक्ष पडताळून पाहिली. १९५५ साली लॉस अलामॉस येथे फर्मी, पास्ता, उलाम आणि मेरी त्सिंगू यांनी आद्य संगणकावर एकमेकांशी जोडलेल्या आंदोलकांची साखळी चालवून पाहिली होती, तेव्हा ऊर्जा सर्वत्र वाटली जाईल या अपेक्षेच्या विपरीत ती पुनःपुन्हा मूळ स्थितीकडे परतत राहिली. मोजक्या मीटरांच्या काचतंतूत आज जी वाटणी दिसते तिचे मूल्य या जुन्या कोड्याच्या पार्श्वभूमीवर अधिक उठून दिसते.

परंतु मूळ मोडच नेहमी हवा असतो असे नाही. २०२३ साली साउदॅम्प्टन विद्यापीठातील मास्सिमिलियानो ग्वासोनी यांच्या गटाने तंतूच्या दुसऱ्या टोकाकडून एक नियंत्रक स्पंद उलट दिशेने सोडला. समोरासमोर येणारे दोन प्रखर प्रकाश तंतूत एकमेकांवरून जातात, आणि हॉयगेन्सच्या निरीक्षणाच्या उलट, येथे ते परस्परांवर खोल ठसा उमटवतात: तंतूची निवड आणि नियंत्रकाची घडण यांनुसार पुढे जाणारा प्रकाश नियंत्रकाच्या मोडकडे ओढला जातो किंवा नेमका तोच मोड टाळून बाहेर पडतो. मोडांचे आकर्षण आणि मोडांचे निवारण अशी या दोन वर्तनांची नावे रूढ झाली आहेत. प्रकाश आत शिरताना कसाही असो, बाहेर पडताना त्याने कोणते रूप घ्यावे हे दुसऱ्या प्रकाशाने ठरवावे, ही या साऱ्या प्रवासातील मला सर्वांत मोलाची वाटणारी पायरी आहे.

लेसरच्या घडणीतही या विचाराने प्रवेश केला आहे. कॉर्नेल येथील लोगन राइट आणि फ्रँक वाइज यांनी २०१७ साली असा तंतू-लेसर चालविला की ज्यात केवळ एका मोडमधील निरनिराळे रंग नव्हे, तर अनेक मोड आणि त्यांतील अनेक रंग असे सारे मिळून एकाच लयीत बांधले जाऊन अतिसूक्ष्म स्पंद तयार होतात. मोठ्या गाभ्यामुळे अशा लेसरची शक्ती एकमोड लेसरहून पुष्कळ अधिक नेता येते. तथापि या वाटेला मर्यादाही आहे. सिलिका काचेत प्रकाशाची शक्ती १ मायक्रॉन तरंगलांबीला ४ ते ५ मेगावॉटांपर्यंत गेली की केर-परिणाम शलाकेला स्वतःच्या मध्याकडे इतका आवळतो की ती कोसळून काच भाजते, आणि ही मर्यादा गाभा किती रुंद आहे यावर अवलंबून नसते. शक्ती वाढविण्यासाठी गाभा फुगवीत जाण्याचा उपाय येथे संपतो. दूरसंचारात तर प्रश्न निराळाच आहे. जपानच्या राष्ट्रीय माहिती व संज्ञापन तंत्रज्ञान संस्थेने २०२२ साली नेहमीच्या १२५ मायक्रॉन जाडीच्या, पण ५५ मोड असलेल्या एका तंतूतून सेकंदाला १.५३ पेटाबिट माहिती पाठवून दाखविली. त्यात प्रत्येक मोड स्वतंत्र वाहक म्हणून वापरला होता, आणि मोडांत झालेली सरमिसळ पलीकडच्या टोकाला विद्युत्‌यंत्रांनी गणित करून सोडवावी लागली. हे गणित महागडे आहे आणि वीज खाते. मोडांची सरमिसळ तंतूतच, स्पंदाच्या आज्ञेने, सोडविता येईल काय, हा प्रश्न त्यामुळे केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही.

ऊष्मागतिकीच्या दृष्टीने पाहणाऱ्यांनी याच्या उलट टोकाचा एक प्रदेशही धुंडाळला आहे. मोडांची संख्या मर्यादित असल्याने, आत सोडलेला प्रकाश मुळातच वरच्या मोडांत अधिक असेल तर अव्यवस्था वाढविण्याचा मार्ग त्याला खाली न नेता आणखी वर नेतो, आणि त्या वाटणीचे तापमान गणितात ऋण येते. फ्रान्समधील दिजों येथे आंतोनियो पिकोझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली हे ऋण तापमानाचे संतुलन बहुमोड तंतूत प्रत्यक्ष घडवून आणले: त्यात मूळ मोड जवळजवळ रिता राहिला आणि ऊर्जा मालिकेच्या दुसऱ्या टोकाशी, तंतूत टिकू शकणाऱ्या सर्वांत गुंतागुंतीच्या आकृतींत जाऊन साठली.